पाहिजे : एका रात्रीपुरता परपुरुष

कोजागिरीला आमच्या गच्चीवर काय झालं ते आधीच सांगून टाकते. नाहीतर समोरच्या इमारतीतून भलतंच काहीतरी कानावर येईल आणि तुम्ही तेच खरं धराल.

दरवर्षी आमच्याकडे मसाला दूध, भेळ आणि भावगीतं असा साधा बेत असतो. यंदा सोसायटीतल्या पोरांनी गच्चीवर सिनेमा दाखवायचं काढलं. पाण्याच्या टाकीवर डबलबेडची चादर ताणली, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला आणि ‘ज्येष्ठांना चालेल असा’ म्हणून नव्वद वर्षांपूर्वीचा बोलपट निवडला. १९३४ सालचा, हॉलिवूडचा, विनोदी, नाचगाण्यांचा, कृष्णधवल. जुनं ते सोज्वळ, हा आपल्याकडचा ठाम समज. नाव ‘द गे डिव्होर्सी’.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी भेळेचा घास हातातच ठेवून विचारलं, ‘‘गे म्हणजे?’’

‘‘तेव्हा त्या शब्दाचा अर्थ आनंदी असा होता, काकू.’’

‘‘म्हणजे आनंदी घटस्फोटिता?’’

‘‘हो.’’

‘‘मग हे जास्तच वाईट.’’

काकूंना कल्पना नव्हती, पण अगदी याच मुद्द्यावर तिकडे मोठमोठ्या माणसांनी डोकी शिणवली होती. मूळ नाटक ब्रॉडवेवर नोव्हेंबर १९३२ मध्ये आलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘गे डिव्होर्स’. आनंदी काडीमोड. ते खपून गेलं. पण जुलै १९३४ पासून हॉलिवूडच्या नीतिमत्तेची कात्री जोसेफ ब्रीन या गृहस्थांच्या हाती आली आणि त्यांच्या कचेरीचा शिक्का नसलेला सिनेमा मोठ्या थिएटरांत लागेना. असं सांगतात, की नीतिरक्षकांनी फैसला दिला : काडीमोड ही गोष्ट आनंदी असूच शकत नाही. काडीमोड घेतलेली बाई आनंदी असली तर असू दे बापडी. मग नावाच्या शेपटाला आणखी एक अक्षर चिकटवलं आणि अमेरिकन कुटुंबसंस्था वाचली. इंग्लंडात मात्र हाच बोलपट मूळ नावानं लागला. तिथली कुटुंबं त्या एका अक्षरावाचून रस्त्यावर आल्याचं काही ऐकिवात नाही.

बरं, नावावर एवढा खल. आत काय चाललंय याची कुणाला फिकीर? आत काय चाललंय ते ऐका आणि मुलं जवळपास असतील तर त्यांना दूध आणायला पाठवा.

मिमी ही आपली नायिका. जिंजर रॉजर्स. तिचा नवरा भूगर्भशास्त्रज्ञ, म्हणजे बायको सोडून दगडांत जीव रमलेला. तिला सुटका हवी आहे. होर्टेन्स नावाची तिची मावशी तिला वकिलाकडे घेऊन जाते. (मावशी की आत्या की काकू, देव जाणे. इंग्रजांत सगळ्यांना एकच शब्द. आपल्याकडे असं असतं तर निम्मी भांडणं कमी झाली असती.) हा वकील म्हणजे एग्बर्ट, एकेकाळी याच मावशीशी लग्न ठरून सुटलेला. एडवर्ड एव्हरेट हॉर्टननं तो असा काही केला आहे, की आपला दावा आपण या माणसाकडे देऊ नये हे पहिल्या मिनिटाला कळतं. पण मिमी देते. आणि एग्बर्टसाहेब सल्ला देतात : समुद्रकाठी जा, हॉटेलात खोली घे. मी एक परपुरुष पाठवतो, भाड्यानं. धंदाच आहे त्याचा. रात्रभर तो तुझ्या खोलीत बसेल. सकाळी गुप्तहेर येऊन तुम्हाला रंगेहाथ पकडतील. नवरा चिडेल आणि काडी मोडेल.

गच्चीवर एकदम शांतता. काकू म्हणाल्या, ‘‘हे सोज्वळ?’’

आता इथे मला कायद्यात शिरावंच लागणार, कारण खरा चावटपणा सिनेमानं केलेला नाही, तो इंग्लंडच्या न्यायसंस्थेनं केला आहे. त्या काळात इंग्लंडात घटस्फोट मागायला धड कारण एकच, व्यभिचार. नवरा दारूडा असो, पळपुटा असो, वेडा असो, नुसता कंटाळवाणा असो, उपयोग नाही. आणि दोघांनी मिळून ‘आमचं ठरलंय हो, आम्हाला वेगळं व्हायचंय’ असं म्हटलं, तर तो संगनमताचा गुन्हेगारी वास आला म्हणून दावाच बाद. त्यासाठी ‘किंग्ज प्रॉक्टर’ नावाचा खास सरकारी अधिकारी. कच्च्या हुकुमापासून पक्क्या हुकुमापर्यंतच्या सहा महिन्यांत लोक एकमेकांशी फार प्रेमानं तर वागत नाहीत ना, यावर त्याचं लक्ष.

‘‘म्हणजे खरं पाप केलं तर सुटका,’’ काकूंनी बोटांवर हिशेब मांडला, ‘‘खोटं केलेलं उघडकीला आलं तर अडकले?’’

‘‘बरोबर.’’

‘‘आणि कुणी काहीच नाही केलं तर?’’

‘‘तर जन्मभर नांदायचं.’’

तेव्हा भल्या घरच्या माणसांनी पापाचं नाटक बसवायला घेतलं, याचं नवल काय? प्रत्यक्षात बहुतेक वेळा हे काम नवऱ्याच्या वाट्याला यायचं, सभ्य गृहस्थानं बायकोची अब्रू वाचवायची म्हणून. तो समुद्रकाठच्या हॉटेलात एका भाडोत्री बाईबरोबर उतरायचा, दोघं म्हणे रात्रभर पत्ते कुटत बसायची आणि सकाळी खोल्या आवरणारी बाई चहा घेऊन आली, की पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. पुढे कोर्टात त्या चहावालीची साक्ष. झाला पुरावा, घडी घातलेला, इस्त्रीचा! या धंद्याचा तिकडे इतका बोलबाला, की पांढरा आणि तपकिरी अशा दोन रंगांच्या पुरुषी बुटांना इंग्रजांनी नावच ठेवलं ‘को-रिस्पॉण्डंट शूज’, म्हणजे सहप्रतिवादीचे जोडे. असले बूट घालणारा माणूस कुणाच्या तरी घटस्फोटात दुसरा गडी असणारच, हे गृहीत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तसेच बूट आहेत. लग्नसमारंभात घालतात. त्या रात्रीपासून बायका त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या आहेत आणि त्यांना कारण कळत नाहीये.

असो. सिनेमावाल्यांनी एवढंच केलं, की नवऱ्याच्या जागी बायको घातली आणि भाडोत्री बाईच्या जागी भाडोत्री बुवा. हा बुवा म्हणजे रोडोल्फो टोनेटी, इटालियन. स्वतः संसारी, बायको-मुलांचा धनी, कामाची शिस्त मोठी. त्याची ओळख पटावी म्हणून वकिलानं एक सांकेतिक वाक्य ठरवून दिलेलं असतं : योगायोग हे मूर्खांनी नशिबाला दिलेलं नाव आहे, अशा अर्थाचं. जो हे म्हणेल तो आपला माणूस. टोनेटीला ते पाठच होत नाही. सबंध सिनेमाभर तो नशीब, मूर्ख आणि योगायोग हे तीन शब्द उलटेपालटे करून दिसेल त्या बाईपुढे टाकत फिरतो, जसे आमचे काका बँकेचा ओटीपी चारचौघांत मोठ्यानं, आणि चुकीचा, म्हणून दाखवतात.

आता यात आपला नायक कुठे? फ्रेड अ‍ॅस्टेअर, सिनेमातलं नाव गाय होल्डन, अमेरिकन नर्तक. इंग्लंडच्या बंदरावर उतरताना मावशीबाईंनी मिमीचा झगा ट्रंकेच्या झाकणात अडकवून ठेवलेला असतो. हा मदतीला धावतो आणि झगा फाडतो. मग लाजून आपला कोट देतो. कोट परत येतो, पत्ता मात्र येत नाही. तेव्हापासून हा लंडनभर तिला हुडकत हिंडतो, शेवटी सापडते ती गाडीला गाडी धडकल्यावर. ती पळते, हा मागे. पुढे जाऊन ‘रस्ता बंद’ची पाटी लावतो, तिची गाडी अडवतो आणि तिथल्या तिथे लग्नाची मागणी घालतो. आज असं कुणी केलं तर आम्ही बायका त्याला चौकीवर नेऊन बसवू. पण फ्रेड अ‍ॅस्टेअर असा काही चालतो, की चौकीवरचा हवालदारसुद्धा आधी त्याची चाल बघत राहील. मी तत्त्व सोडलेलं नाही. फक्त नोंद करतेय.

तर त्या हॉटेलात दोघांची पुन्हा गाठ. समुद्राकाठी रिकामं नाचघर, आणि तिथे कोल पोर्टरचं ‘नाइट अँड डे’. मूळ नाटकातलं हे एकच गाणं सिनेमात शिल्लक राहिलं, बाकीची सगळी कोल पोर्टरच्या खिशात परत. ती उठून चालायला लागते, हा वाट अडवतो. ती हात सोडवते, हा तोच हात गिरकीत फिरवतो. नाही-नाही म्हणता म्हणता ती त्याच्या पावलात पाऊल टाकायला लागते, आणि नाच संपतो तेव्हा बसकण मारून नुसती बघत राहते. तो हात झटकतो आणि सिगारेट पुढे करतो. एवढंच. कपड्याचं एक बटण हललेलं नाही. तरी आमच्या गच्चीवर तीन जणांनी एकदम घसा खाकरला. ब्रीनसाहेबांच्या कात्रीला इथे कापायला काही सापडलंच नसणार. पायांवर कलम कसं लावणार?

आणि त्या भारलेल्या मुहूर्तावर हा बाप्या सहज, काव्यमय वगैरे वाटावं म्हणून बोलून जातो : योगायोग, मूर्ख, नशीब. तेच वाक्य!

मिमीचा चेहरा बघावा. क्षणापूर्वी जीव ओवाळून टाकावा असा वाटलेला माणूस, आणि तो हा धंदा करतो? रागानं, किळसेनं ती त्याला सुनावते, ‘रात्री बारा वाजता माझ्या खोलीवर ये.’ हा गार. त्याला वाटतं पोरगी भलतीच बिनधास्त निघाली. तिला वाटतं गडी अगदीच पोटार्थी निघाला. दोघंही एकमेकांच्या नीतिमत्तेनं हादरलेली, आणि दोघंही बाराच्या ठोक्याला हजर. इथे मी हसून हसून दूध सांडलं.

काकूंना मात्र हे नवीन वाटलं नाही. ‘‘संशयकल्लोळच की!’’ म्हणाल्या. खोटं नाही. आपल्या देवलांनी मोलिएरचं फ्रेंच सोंग इंग्रजीमार्गे आणून त्याला असं मराठी नेसवलं, की फाल्गुनराव पुण्यातलाच वाटावा. तिथे तसबिरीवरून घोळ, इथे वाक्यावरून. फरक एवढाच, की आपल्याकडे घोळ झाला की पात्रं गायला उभी राहतात, त्यांच्याकडे नाचायला. १९१६ साली गंधर्व मंडळीनं संगीत ‘संशयकल्लोळ’ केलं, तेव्हा त्यावरही नाकं मुरडणारे भेटले असतीलच. नाटकाला जाऊन, पुढच्या खुर्चीवर बसून, नाकं मुरडणारे.

आता मुख्य रोगाकडे येते. या जोडीनं लोकांना काय शिकवलं बघा. आदल्या वर्षी, १९३३ मध्ये, ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’मध्ये दोघं दुय्यम भूमिकांत पहिल्यांदा एकत्र नाचली. नाचाचं नाव कारिओका. त्याची खूण, कपाळाला कपाळ लावून नाचायचं. झालं! जो तो कपाळ घासायला लागला. आमच्या आजीच्या भाषेत कपाळमोक्ष. मग ‘डिव्होर्सी’त एक गोरीगोमटी पोरगी त्या वकील हॉर्टनला अर्ध्या चड्डीत गाठते आणि गुडघ्याला गुडघा आपटायचं गाणं म्हणते. ही पोरगी बेटी ग्रेबल, वय तेव्हा सतरा; पुढे हिच्याच पायांवर महायुद्धातली अमेरिकन फौज भाळली. आणि शेवटी ‘कॉन्टिनेंटल’. हा नाच सुमारे सतरा मिनिटं चालतो आणि त्याचा विशेष काय, तर गाणंच सांगतं, की नाचता नाचता चुंबन घ्यायचं. कपाळ झालं, गुडघे झाले, राहिले होते तेवढे ओठ. आमच्याकडचे ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, यातलं गुडघ्यांचं प्रकरण सगळ्यांत अनैतिक.

सतरा मिनिटं म्हणजे किती, हे गच्चीवर गार वारं सुटल्यावर कळतं. फिरत्या दारांतून काळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या जोड्यांच्या रांगाच्या रांगा येतात, जातात, पुन्हा येतात. मला विचाराल तर मधली सात मिनिटं कापली असती तरी चाललं असतं. पण ऑस्करवाल्यांना मला विचारायचं सुचलं नाही. त्यांनी १९३४ च्या चित्रपटांसाठी गाण्याचं बक्षीस पहिल्यांदाच काढलं आणि ते पहिलंवहिलं बक्षीस याच गाण्याला गेलं. स्पर्धेत तीन गाणी, त्यांतली दोन या जोडीच्या सिनेमांतली. दुसरं अर्थात ते कपाळघाशी कारिओका. कुठली साथ म्हणायची ही! त्याच वर्षी आपल्याकडे प्रभातनं ‘अमृतमंथन’ काढून चंद्रमोहनच्या नुसत्या एका डोळ्यानं लोकांना घाबरवून सोडलं होतं. तिकडे पाय, इकडे डोळा. आपण किती संयमी!

आणि जगाला या चुंबनाच्या नाचाच्या नादी लावणारी ही दोघं स्वतः काय करत होती? काहीच नाही. सिनेमामागून सिनेमे आले, तरी यांचं पडद्यावर धड चुंबन म्हणून नाही. मग कुजबुज सुरू, की त्याच्या बायकोची मनाई आहे म्हणे. शेवटी १९३८ च्या ‘केअरफ्री’त एकदाचं झालं, तेही स्वप्नात आणि संथ गतीत, म्हणजे चार वर्षांची थकबाकी एकदम. खरी गंमत याच्या आधीची आहे. फ्रेड लहानपणापासून नाचला तो बहिणीबरोबर, अ‍ॅडेलबरोबर. १९३२ मध्ये ती एका लॉर्डशी लग्न करून निघून गेली. एका जोडीतून नुकता सुटलेला हा माणूस ‘रिओ’नंतर आपल्या एजंटला कळवतो, की पुन्हा सिनेमा करायला हरकत नाही, पण मला कुणाशी कायमचं जोडू नका. आणि त्याच बाईबरोबर एकूण दहा सिनेमे! मिमीला तरी वकील मिळाला होता. याला काडीमोड कुणी दिलाच नाही.

पण मला ज्यानं खरोखर धक्का बसला ते वेगळंच. बोलपट तेव्हा नवे. नाचताना पावलांचा आवाज नीट टिपला जाईना. म्हणून चित्रीकरण झाल्यावर आवाजघरात पुन्हा नाचून तो आवाज वर चढवायचा. फ्रेड आपली पावलं आपणच वाजवायचा. जिंजरची पावलं मात्र बऱ्याच वेळा वाजवायचा हर्मिस पॅन नावाचा नृत्यदिग्दर्शकांचा सहायक. म्हणजे विचार करा : त्या नाजूक सॅटिनच्या सँडलमधून जो टपटप आवाज येतोय, ज्याच्यावर लाखो पुरुष फिदा, तो एका बाप्याचा! आणि आम्ही टोनेटीला हसतोय. खरा भाडोत्री परपुरुष तर तिच्या बुटांत होता.

गोष्ट पुरी करते. टोनेटी येतो, घोळ उलगडतो, पण तो कामाचा पक्का. दोघांना खोलीबाहेर पाऊल टाकू देईना. तेव्हा फ्रेड कागदातून एक नाचणारं जोडपं कापतो, ते फिरत्या ग्रामोफोनवर उभं करतो, मागे दिवा. भिंतीवर सावल्या गोल गोल नाचायला लागतात, पहारेकरी निर्धास्त, आणि ही दोघं पसार, त्या सतरा मिनिटांच्या नाचात. वकिलानं गुप्तहेर बोलवायचेच राहून गेलेले असतात, ते वेगळं. सकाळी नवरा येतो. टोनेटी मिमीशी लगट करून दाखवतो. नवऱ्याचा विश्वास बसत नाही. फ्रेड येऊन तिला मिठीच मारतो. तरी बसत नाही! बायकोचा यार असू शकतो हेच त्याला पटेना, इतका तो दगडांतला. शेवटी वेटरच्या तोंडून सहज निघून जातं, की हे साहेब पूर्वी दुसऱ्याच बाईंबरोबर पाहिलेत. चहा आणणाऱ्याची साक्ष! कायद्याला हवं होतं तस्सं.

आणि हे सगळं थट्टेवारी म्हणून सोडून द्यावं, तर दोनच वर्षांत इंग्लंडच्या राजघराण्यातच हा खेळ लागला. वॉलिस सिम्पसनबाईंना आठव्या एडवर्डशी लग्न करायचं, तर आधी सिम्पसनसाहेबांपासून सुटका हवी. सिम्पसनसाहेब सभ्य. थेम्सकाठच्या ब्रे गावी हॉटेलात एका बाईबरोबर सापडले, आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये इप्सविचच्या कोर्टात काही मिनिटांत निकाल. डिसेंबरात राजानं गादी सोडली. सांकेतिक वाक्य कुणी चुकवलं नाही, एवढाच फरक. पुढच्या वर्षी ए. पी. हर्बर्ट या विनोदी लेखकानं, जो आता खासदार झाला होता, कायदाच बदलून घेतला. क्रौर्य, परागंदा होणं, वेड ही कारणंही धरली जाऊ लागली. त्यानं आधी याच ढोंगावर एक कादंबरी लिहिली होती, तीही १९३४ चीच.

‘‘आणि आपल्याकडे तेव्हा?’’ काकूंनी विचारलं. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १९३१ सालीच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा देऊन टाकला होता. मुंबई इलाख्याला तो १९४७ मध्ये मिळाला आणि देशाला १९५५ मध्ये. काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझ्या आत्येला बडोद्यालाच द्यायला हवी होती.’’ बाकी काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

तर आता ते, ज्यासाठी मी एवढं सांगत बसले. कोजागिरीनंतर आठवडाभरानं समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला भाजीवाल्याकडे गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘तुमच्या दुसऱ्या मजल्यावर रात्री साडेअकरापर्यंत कोण हो नाचतं? खिडकीच्या पडद्यावर दोघांच्या सावल्या दिसतात. या वयात?’’

मी संध्याकाळी काकूंकडे गेले. दिवाणखान्यात काकांचा जुना रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून खाली आलेला, मागे टेबललॅम्प आणि तबकडीवर कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्यातून कापलेलं जोडपं. नातवानं केलंय म्हणाल्या. पुरुषाला टोपी घातली होती. बाई नऊवारीत.

‘‘काकू, समोरच्यांचा गैरसमज झालाय. मी सांगू का त्यांना काय आहे ते?’’

काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘काही गरज नाही.’’

‘‘काही गरज नाही,’’ काकू म्हणाल्या आणि उठून पडदा जरा सारखा केला.